गोळ्या संपल्या, तरी त्रास का जात नाही?

आरोग्याचा धडा : गटाच्या मासिक सभेत वाचून दाखवण्यासाठी



या वेळचा धडा पुरुषांच्या दुखण्याबद्दल आहे. "बायकांच्या अंकात पुरुषांचं कशाला?" असं आपल्या संपादक मंडळातल्या एका काकूंनी विचारलंच. त्याचं उत्तर गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये आहे. 'आजारपण' असं कारण लिहून जी अंतर्गत कर्जं निघतात, त्याबद्दल मी सभा उठल्यावर एकेकीशी बोलते. पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं होतं आणि मग आवाज खाली करून बाई सांगते, "मालकांना लघवीचा त्रास हाय ताई. औषध झालं, परत औषध झालं, जातच नाही." पैसा गटाचा, हप्ता बाईचा, पथ्यपाणी बाईचं आणि "तुझ्यामुळंच झालं" हे बोलणंही बाईलाच. म्हणून हा धडा.

माझं अजून लग्न झालेलं नाही. "तुला गं काय कळतंय यातलं," असं हसून म्हणणाऱ्या मावश्या आहेत. मावशी, खरंय तुमचं. पण लघवीच्या तपासणीला लग्न लागत नाही.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, उन्हात दिवसभर पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते आणि आग होते. ही उन्हाळी पाणी वाढवल्यावर एक-दोन दिवसांत जाते. लघवीच्या जागेतून पू येतो त्याला जुनी माणसं "परमा" म्हणतात. तो जंतूंचा आजार आहे, संबंधातून लागतो आणि औषधानं बरा होतो. "गरमी"मध्ये त्या जागी व्रण येतो. तो बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि तो आपोआप भरून आला तरी आजार आत राहतो. आणि चौथा शब्द "धात जाणे". संडासला जोर केल्यावर चिकट थेंब येणं, झोपेत वीर्य जाणं, लघवी कधीतरी गढूळ दिसणं, याला लोक धात म्हणतात. एवढंच असेल तर बहुतेक वेळा तो आजार नसतो. यानं रक्त आटत नाही, हाडं पोकळ होत नाहीत. पण या एका शब्दावर कितीतरी जणांची दुकानं चालतात, त्याबद्दल पुढे लिहिते.

औषधानंतर किती दिवस वाट बघायची?

जंतू मेले म्हणजे त्याच दिवशी आग थांबते असं नाही. हाताला भाजलं, तर विस्तवापासून हात काढल्यावरही चुरचुरतं ना? तसंच लघवीच्या नळीचं आहे. नळीला आलेली सूज उतरायला वेळ लागतो. रोज थोडं थोडं कमी होत असेल, तर साधारण दोन आठवडे धीर धरायला हरकत नाही. मात्र पू परत दिसला, ताप आला किंवा त्रास वाढतच चालला, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. आणि दोन आठवडे होऊनही आग तशीच असेल तर परत त्याच डॉक्टरांकडे, जुना कागद घेऊन जायचं. नवा डॉक्टर, नवी सुई, नवा कागद असं केलं की कोणालाच कळत नाही आधी काय दिलं होतं.

या दिवसांत पुरुष एक गोष्ट हमखास करतात. बरं झालं की नाही बघायला दिवसातून दहा वेळा लिंग दाबून, पिळून पाहतात. पिळल्यानं नळी परत दुखावते आणि ओलसर पाणी येतं, मग "अजून आहे" म्हणून परत भीती. पू येत असेल तर तो चड्डीवर डाग पाडतोच, पिळून शोधावा लागत नाही. दुसरं म्हणजे जंतुनाशकाचं पाणी किंवा कडक साबण लावून ती जागा घासणं. साधं पाणी पुरतं. तिसरं, मेडिकलमधून विचारून आणलेलं खाजेचं मलम. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने लावलं की तिथली कातडी पातळ, लाल होते आणि मलम थांबवलं की आगच आग होते.

गोळी एकानं घेऊन भागत नाही

आता एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा टेम्पो चालवायचा. पू आला, तालुक्याला खाजगीत इंजेक्शन आणि गोळ्या घेतल्या, आठ दिवसांत बरं. महिन्यानं परत तेच. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्यानं घरात भांडण काढलं की औषधानं बरं होतंय आणि घरी आलं की परत होतंय, म्हणजे दोष तुझ्यात. या ताईला काहीच त्रास नव्हता. "मला होतच नाही काही, मी कशाला गोळी घेऊ?" असं तिचं म्हणणं.

तिथंच गाठ आहे. परम्याचे आणि त्याच्याबरोबरीच्या क्लॅमिडिया नावाच्या आजाराचे जंतू बाईच्या अंगात काहीही न दाखवता बसू शकतात. नवऱ्याकडून ते तिला लागलेले असतात. तो एकटा बरा होतो, मग तिच्याकडून परत त्याला लागतात. सुरुवात कोणाकडून झाली हे गोळीला कळत नाही, दोघांच्या अंगातले जंतू एकाच वेळी मारावे लागतात. आणि बाईनं औषध नाही घेतलं तर नुकसान तिचंच जास्त होतं. जंतू वर चढून गर्भनळ्या खराब करतात, ओटीपोट कायमचं दुखायला लागतं, मूल राहायला अडचण येते. "मला काही होत नाही" हे इथं चालणारं कारण नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकांनी दोघांना सोबत बोलावलं, एकाच दिवशी दोघांना औषध दिलं आणि सांगितलं की सात दिवस संबंध नाही, त्यानंतर निरोध. पू थांबला तो थांबलाच. तीन वेळचा खर्च वाचला असता, असं ताई म्हणाली. मला वाटतं, भांडणही वाचलं असतं.

ही सोय कुठे मिळते ते लक्षात ठेवा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. काही उपजिल्हा रुग्णालयांतही असतं. तपासणी आणि औषध फुकट. औषधं रंगांच्या पाकिटांत असतात. पुरुषाच्या पू येण्याच्या तक्रारीला राखाडी पाकीट, बाईच्या ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, असे रंग ठरलेले आहेत. एचआयव्ही आणि गरमीची रक्त तपासणी त्याच फेरीत करून घ्यावी, तीही फुकट आणि गुप्त. लाज वाटत असेल तर आधी १०९७ या टोल फ्री नंबरवर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

दोघांनी औषध पुरं घेतलं, मध्ये संबंध आला नाही, तरी पू किंवा आग राहिली, तर मग जंतू वेगळे असू शकतात. काही जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, काहींना मुळातच वेगळं औषध लागतं. तिथं अंदाजानं गोळी बदलायची नसते, तपासायचं असतं. लघवीची साधी तपासणी, लघवीचं कल्चर (म्हणजे जंतू वाढवून बघणं), रक्तातली साखर आणि गरज पडली तर सोनोग्राफी. साखरेचं विशेष सांगते. लिंगाच्या टोकाच्या कातडीला सारखी खाज, चिरा आणि पांढरा थर येत असेल, तर कित्येकदा मूळ मधुमेहात निघतं. मुतखडाही अशीच आग करतो. आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा एक आजार म्हणजे लघवीच्या मार्गाचा टीबी. लघवीत पू-पेशी दिसतात, कल्चरमध्ये नेहमीचे जंतू मिळत नाहीत, औषधांनी फरक पडत नाही, वजन उतरतं, कधी रक्त जातं. असं असेल तर "टीबीची लघवी तपासायची का?" हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा. टीबी छातीतच होतो असं नाही. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

सगळे रिपोर्ट चांगले, आणि तरी दुखतं

हा या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथंच माणसं सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

दुसऱ्या एका गटातल्या वहिनींचे यजमान पुण्याला गवंडीकाम करायचे. तिथं एकदा लघवीला आग झाली, औषध घेतलं, पू-बिू सगळं गेलं. पण टोकाला चुरचुर, अंडकोषाच्या मागे जडपणा, दर अर्ध्या तासाला लघवी, संबंधानंतर दिवसभर ठणका, हे राहिलं. आठ महिने राहिलं. रिपोर्ट सगळे चांगले. एचआयव्ही तपासणी त्यांनी चार वेळा केली, चारही वेळा नाही आलं, तरी विश्वास बसेना. अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले. वहिनींनी गटातून दोनदा कर्ज काढलं. घरात ते वेगळं ताट घ्यायला लागले, पोरांना जवळ येऊ देईनात. इकडे वहिनींच्या मनात संशय, की असं काय केलंय यांनी जे सांगत नाहीत?

शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांनी वीस मिनिटं बसवून समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते.

कंबरेच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय आणि गुदद्वार त्यांच्यावर टेकलेलं असतं. बाळंतपणात सुईण किंवा सिस्टर "आवळू नको, सैल सोड, श्वास सोड" म्हणते ना, तेच स्नायू. पुरुषांनाही ते असतात, फक्त त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं. आजार, वेदना, भीती यांनी ते आवळले जातात आणि आवळलेलेच राहतात. मूठ दिवसभर घट्ट धरून ठेवा, संध्याकाळी हात ठणकेल. मुठीत रोग नसतो, पण दुखणं खरंच असतं. "मनाचे खेळ" म्हणून ते झटकायचं नाही.

नसांचंही तसंच होतं. चोर आला तेव्हा कुत्रं भुंकलं, ते बरोबरच केलं. पण चोर पळून गेल्यावरही ते बिथरलेलंच असतं, पान हललं तरी भुंकतं. अँटिबायोटिक चोराला मारतं. चोरच नसेल तर दहा कोर्सनीसुद्धा कुत्रं गप्प बसत नाही. उलट अशी औषधं वाया घालवली की खरा चोर येतो त्या दिवशी ती लागू पडत नाहीत. ओटीपोटाच्या खालच्या भागातलं दुखणं तीन महिन्यांहून जास्त राहिलेल्या पुरुषांत बहुतेकांना जंतू सापडतच नाहीत.

मग करायचं काय? मोठ्या घमेल्यात किंवा टबात सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं त्यात बसायचं, संध्याकाळी. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे, हात पोटावर ठेवायचा, श्वास घेताना पोट फुगू द्यायचं आणि खालची झोळी सैल सोडायची, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मोबाईलवर पाहून खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम पुरुष सुरू करतात. ते वेगळ्या तक्रारीसाठी असतात. आधीच आवळलेल्या स्नायूंना ते बाधतात. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. मोटारसायकलवर सलग तास-दीड तास बसायचं नाही, उतरून चार पावलं चालायचं. चहा आणि दारू दोन आठवडे कमी करून बघायची, फरक वाटला तर तसंच ठेवायचं, नाही वाटला तर निदान चहाचा उपास धरायची गरज नाही. (दारूचं मी काही म्हणत नाही, ते तुम्हीच बघा!) लघवीला दर अर्ध्या तासाला जायची सवय लागली असेल तर एकदम रोखून धरायचं नाही. दहा मिनिटं, मग अजून दहा मिनिटं, असं अंतर आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. पाणी लघवी फिकट पिवळी राहील इतपत प्यायचं. "धुऊन निघेल" म्हणून तांब्यावर तांबे रिचवले तर फेऱ्याच वाढतात. संबंध आला तर ठणका लागेल, पण त्यानं आत काही बिघडत नाही. जंतू नाहीत हे नक्की झालं असेल तर बायकोला काही लागतही नाही. स्नायू सैल करणाऱ्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांकडे असतात, काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपीचीही मदत मिळते.

यात महिने जातात. त्या वहिनींच्या यजमानांना चार-पाच महिन्यांनी बराच उतार पडला. अजूनही लांबचा गाडीप्रवास झाला की दोन दिवस त्रास होतो. पण आता ते घमेल्यात बसतात, घाबरून शहरात पळत नाहीत. मला विचाराल तर निम्मं बरं त्यांना त्या वीस मिनिटांच्या समजावण्यानंच वाटलं.

असा पुरुष रात्र रात्र जागा राहत असेल, जेवण सोडत असेल, "मी जगून काय उपयोग" असं बोलत असेल, तर ते चेष्टेत घेऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

वयस्क माणसांचं थोडं वेगळं

पन्नाशीनंतर प्रोस्टेटची गाठ वाढते. तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झाल्यावर महिना-दीड महिना आग आणि सारखी लघवी होणं नेहमीचं आहे. जोर केल्यावर अधूनमधून लघवी गुलाबी होणंही सुरुवातीला चालतं. संबंधात वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, त्यानं अपाय नसतो. लघवी झाल्यावर कपड्यात थेंब पडत असतील तर अंडकोषाच्या मागच्या जागेवर बोटांनी हलकं दाबून पुढे आणायचं, अडकलेले थेंब निघून जातात. सासऱ्यांना हे सुनेनं कसं सांगायचं? मुलानं सांगायचं. ऑपरेशनच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय कर्जाचा अर्ज भरू नका.

ताबडतोब निघायचं कधी

लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी गेल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. दुखत नसताना लाल लघवी झाली, एकदाच झाली आणि थांबली, तरी तपासायची. विशेषतः तंबाखू-विडीवाल्यांनी, कारण मूत्राशयाचा कर्करोग असा सुरू होऊ शकतो. अंडकोषात एकाएकी जोरात दुखायला लागलं, मळमळ झाली, तर तासांचा प्रश्न असतो. आत पीळ पडलेला असला तर साधारण सहा तासांत ऑपरेशन व्हावं लागतं. हे वयात येणाऱ्या मुलांत जास्त होतं आणि मुलगा लाजून सांगत नाही. त्याला हळदीचा लेप लावून सकाळपर्यंत ठेवू नका. १०८ ला फोन करा.

कर्ज देण्याआधी

एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वे पुलाखाली "गुप्तरोग, धातुविकार, खात्रीशीर इलाज" अशा पाट्या तुम्ही पाहिल्या आहेत. अशा जाहिरातींना १९५४ सालच्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याचा आणि गुप्तरोग बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर ती द्यायला काहीच अडचण नाही.

गटानं कर्ज नाकारावं असं मी म्हणत नाही. पण अध्यक्ष-सचिवांनी बाईला बाजूला घेऊन एवढं विचारावं : आजाराचं नाव सांगितलंय का, तपासणीचा कागद आहे का, औषधाची पक्की पावती मिळते का. तिन्हीला "नाही" असेल तर आधी तिला आशाताईंबरोबर सरकारी दवाखान्याची एक फेरी करू द्या. रजिस्टरला 'आजारपण' एवढंच लिहा. कोणाचं, कशाचं, ते सभेत वाचायचं नाही. हे बाहेर फुटलं तर पुढची बाई गटाकडे येणार नाही, सावकाराकडे जाईल.

आणि घरात बोलायचं कसं? "काय करून आलात?" यानं सुरुवात केली की दार बंद. लघवीची प्रत्येक आग बाहेरून आलेली नसते आणि आलेली असली तरी आज दवाखाना जास्त गरजेचा. एक ताई सांगत होत्या, त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, मलाबी तपासायचंय, एकटीला भ्या वाटतं, तुम्ही चला संगं." तो आला. औषध पुरं होईपर्यंत संबंधाला नाही म्हणण्याचा तुमचा हक्क आहे. त्यावरून मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा किंवा मला गाठा.

सभेत चर्चेसाठी

१. आपल्या गावातून सुरक्षा क्लिनिक किती लांब आहे, एसटी किती वाजता आहे, कोणी आधी गेलंय का?

२. मागच्या वर्षी 'आजारपण' कारणासाठी गटानं किती कर्ज दिलं आणि त्यातलं किती पक्क्या पावतीवर होतं? (नावं घ्यायची नाहीत, आकडे काढायचे.)

३. गावातल्या पुरुषांना घमेल्यातल्या पाण्याची गोष्ट कोण सांगेल? आरोग्य सेवक भाऊंना पुढच्या ग्रामसभेत बोलवायचं का?

उत्तरं सीआरपीताईंकडे लिहून द्या. पुढच्या महिन्याच्या दौऱ्यात मी ती घेऊन जाईन.